पकडला तर शिजला पाहिजे

कोकणी मुसलमानाच्या घरी आठवड्यातले चार दिवस तरी मासा शिजतो. पण तो खाऱ्या पाण्याचा. सुरमई, पापलेट, बांगडा, बोंबील, मांदेली, आणि शाफई असल्यामुळे कुर्ल्यासुद्धा बिनदिक्कत. आमच्याकडे आलेला एखादा हनफी पाहुणा कुर्ल्यांच्या कालवणाकडे पाहून संकोचतो, तेव्हा त्याच्यासाठी बांगडा तळला जातो. गोड्या पाण्याच्या माशाला मात्र आमच्या बायका नाक मुरडतात. त्याला चिखलाचा वास येतो, काटे फार असतात, आणि चवीला तो पाणचट, हे तीन आरोप अम्मीच्या तोंडी कायम असत. दादरला सेनापती बापट मार्गावर घाऊक मासळी बाजार होता, तो २०२१ मध्ये हलवला. तिथे रोहू आणि कटल्याचे ढीग दिसले की अम्मी म्हणायची, "हे बंगाल्यांचं. पुढे चल."

तरीही आमच्या परळच्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं रोहू आला, तो अब्बांमुळे.

अब्बा लालबागच्या एका गिरणीत साचे खात्यात होते. त्यांचे जिवलग दोस्त त्याच गिरणीच्या कातण खात्यात. आम्ही त्यांना काका म्हणत असू. काका लालबागच्या चाळीत राहत. मूळचे मालवणकडचे, घरात माशाशिवाय जेवण नाही, आणि गणपतीत दहा दिवस राजाच्या मंडपात राबणार. लालबागच्या राजाची स्थापना १९३४ मध्ये झाली, ती बाजारासाठी हक्काची जागा मिळावी म्हणून कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी बोललेल्या नवसातून, हे काका मोठ्या अभिमानाने सांगत. "आमच्या देवाच्या मुळाशीसुद्धा मासळी बाजार आहे," असं म्हणून अब्बांच्या पाठीवर थाप मारत.

दोघांना गळ टाकण्याचं वेड होतं. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही संस्था १९५५ पासून पवई तलावावर आहे. गिरणी कामगाराला तिचं सभासदत्व कुठून परवडणार? पण एका सभासद साहेबांना होडी वल्हवायला, आमिष मळायला हाताशी माणसं लागत. हे दोघं ते काम करत आणि बदल्यात त्यांना काठावरून आपला गळ टाकायची मुभा मिळे. रविवारी पहाटे करी रोडहून गाडी, कांजूरमार्गला उतरून बस. बरोबर कणकेचे गोळे, भाजलेले चणे, शिळा पाव. पवई तलाव इंग्रजांनी १८९१ च्या सुमारास मुंबईला पाणी पुरवण्यासाठी बांधला. पाणी पिण्याजोगं निघालं नाही. माशांना मात्र ते मानवलं. रोहू, कटला, मृगळ तिथे भरपूर. इंग्रजीत ज्याला 'कार्प' म्हणतात त्या घराण्यातले हे आपले तीन भाऊ. मगरीही होत्या, आजही आहेत, आणि त्यामुळे अम्मीचा जीव दर रविवारी टांगणीला लागे.

याच काठावर दोघा दोस्तांचा एक वाद सुरू झाला, तो पुढे वीस-पंचवीस वर्षं चालला. काका मासा पकडत, न्याहाळत, हाताने तोलून वजनाचा अंदाज सांगत आणि पाण्यात सोडून देत. त्या साहेबांकडून त्यांनी ही रीत उचलली होती. अब्बांना ती मुळीच पसंत नव्हती. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "पकडला तर शिजला पाहिजे." पाण्यातली शिकार अल्लाहने हलाल केली ती पोट भरायला, असं ते म्हणत. सूरह माइदामध्ये ती मुभा आहे, आणि तिथेच तिचा उपयोगही सांगितला आहे: तुमच्यासाठी आणि प्रवाशांसाठी ती अन्नाची सोय. जिवंत प्राण्याला नेमबाजीचं निशाण करू नये, ही हदीसही त्यांना ठाऊक होती. "गंमत म्हणून त्याच्या ओठात लोखंड घालायचं आणि वर दया दाखवून सोडायचं, ही कसली दया?" काका हसून उत्तर देत, "अरे, तू त्याचा जीव घेतोस आणि मी त्याचा ओठ दुखावतो. त्याला विचार, त्याला काय परवडेल!"

अम्मी मग तो रोहू हळद, मीठ आणि लिंबू लावून तासभर ठेवायची, नारळाच्या रसात भरपूर लसूण आणि कोकम घालून शिजवायची आणि स्वतः एक तुकडा खाऊन बाजूला व्हायची. उरलेलं सालन शेजाऱ्यांकडे जाई.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्या काळात अब्बा आणि काका रविवारचे पवईला जाईनात, आठवड्यातून तीन-चारदा जाऊ लागले. घरी येणारा रोहू आता हौसेचा राहिला नव्हता. अम्मीने चिखलाच्या वासाबद्दल बोलणं थांबवलं. आणि काकांनी त्या सगळ्या काळात एकही मासा पाण्यात सोडला नाही. एक त्यांच्या घरी, एक आमच्या घरी, अशी वाटणी व्हायची. कधी एकच लागला तर मधोमध कापून दोन्हीकडे जायचा. वाद मिटला होता असं नाही. तो भुकेने पुढे ढकलला होता. संप संपला नाही, नुसता विरून गेला. अब्बांची गिरणी पुन्हा नीट सुरू झालीच नाही. दोघांनी इथे तिथे नोकऱ्या धरल्या, पोटापाण्याची सोय झाली, तेव्हा काका पुन्हा मासे सोडू लागले आणि अब्बा पुन्हा त्यांच्यावर चिडू लागले.

मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ आले. त्या महिन्यांत मुंबईत काय झालं ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा नऊशे दिला. जे जिवंत राहिले त्यांचं काय झालं याचा आकडा कुणाकडेच नाही. आम्ही परळची खोली बंद करून बाणकोटच्या खाडीकाठच्या आमच्या गावी गेलो. तीन महिन्यांनी परतलो. खोली जशीच्या तशी होती. शेजाऱ्यांनी कुलूप राखलं होतं. पण काका आले नाहीत, आणि अब्बाही लालबागला गेले नाहीत. भांडण नव्हतं. दोघांमधलं अंतर पायी पंधरा मिनिटांचं, आणि ते कुणालाच चालवेना.

मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटे काका आमच्या चाळीच्या अंगणात दोन काठ्या घेऊन उभे राहिले. त्यांनी हाक मारली नाही. अब्बांनी गॅलरीतून पाहिलं, सदरा चढवला आणि खाली उतरले. अम्मीने त्या दिवशी सकाळपासून नारळ खवून ठेवला, मसाला वाटला. संध्याकाळी अब्बा रिकाम्या हाताने आले. "लागला नाही," एवढंच म्हणाले. अम्मीने त्या वाटणात बटाटे शिजवले.

अब्बा २००८ मध्ये गेले. काकांचा मुलगा त्याआधीच इंग्लंडला गेला होता, लेस्टर शहरात स्थिरावला होता. काकी वारल्यावर काकाही तिकडे गेले. लालबागची चाळ पाडून तिथे मनोरा उभा राहिला. मुलाशी माझी दोस्ती होती, ती वडिलांच्या दोस्तीची शाखा म्हणून, फोनवर टिकून होती. "काका ऐंशीचे झाले, एकदा या," असं तो दर ईदला म्हणायचा. अखेर २०२३ ची रमजान ईद झाल्यावर, मे महिन्यात, मी, बायको आणि बारा वर्षांची मुलगी असे तिघे गेलो. व्हिसा आणि तिकिटं यांत दोन वर्षांची शिल्लक गेली, ते असो. त्याने आमच्यासाठी लिंकनशायरमधल्या एका तळ्याकाठी चार रात्रींसाठी लाकडी घर ठरवलं होतं. जुन्या रेतीच्या खाणी पाण्याने भरल्या की तिकडे त्यांची तळी होतात. तळ्यात कार्प सोडलेले, आणि काठावर कुटुंबं सुट्टीसाठी येऊन राहतात.

हा कार्प म्हणजे आपल्या रोहूचा चुलतभाऊ. आपल्याकडेही तो आहे: बँकॉकहून १९५७ मध्ये आणलेली त्याची जात आज महाराष्ट्रातल्या धरणांत सर्रास सापडते, मच्छीमार तिला 'सायप्रिनस' म्हणतात. इंग्लंडमध्ये तो मध्ययुगात आला तो खाण्यासाठीच. मठांच्या तळ्यांत तो पाळला जाई. नंतर समुद्राचा मासा स्वस्त झाला आणि कार्प ताटातून उठून खेळात गेला. १९५२ मध्ये रिचर्ड वॉकर नावाच्या माणसाने रेडमायर नावाच्या तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे वीस किलोंचा, कार्प पकडला. त्याने तो खाल्ला नाही आणि सोडलाही नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दिला. लोक तिकीट काढून त्याला पाहायला जात. त्यानंतरच्या पिढ्यांनी सोडण्याचा नियमच केला. 'बेन्सन' नावाची एक मादी साठहून अधिक वेळा पकडली गेली आणि सोडली गेली; २००९ मध्ये ती मेली तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. माणसाला मिळत नाही असा मृत्युलेख एका मासळीला मिळाला.

तळ्याच्या मालकाने आम्हाला नियम समजावले. सरकारी परवाना हवा. गळाला उलटा काटा नको, म्हणजे ओठ फाटत नाही. मासा बाहेर काढला की ओल्या गादीवरच ठेवायचा, उभं राहून हातात धरायचा नाही, अंगावर सतत पाणी ओतायचं, गळाच्या जखमेवर औषध लावायचं, आणि पाण्यात परत सोडायचा. घरी न्यायचा नाही. माझ्या बायकोने शांतपणे मराठीत विचारलं, "आपल्या गावच्या दवाखान्यात माणसाची एवढी काळजी घेतात का?" काका खूप हसले.

आमिषाची रीतही पाहिली. कणकेचा गोळा गळात खुपसायची आमची पद्धत. इथे गोळी गळाच्या बाहेर, केसासारख्या बारीक दोऱ्यावर लोंबते. कार्प भारी संशयी. तो वस्तू तोंडात ओढून घेतो, पारखतो आणि थुंकतो. मोकळी गोळी तो बिनधास्त ओढतो आणि थुंकताना मागचा गळ ओठात रुततो. १९८० च्या सुमारास दोघा इंग्रजांनी ही युक्ती शोधली, तेव्हा दोऱ्याच्या जागी खरोखरचा केस वापरला होता. काठी स्टँडवर ठेवायची, तिला एक यंत्र जोडायचं, आणि मासा लागला की ते यंत्र शिट्टी घालतं. तोवर माणसाने काहीही करावं. त्यामुळे गळ टाकण्याच्या सुट्टीत नव्वद टक्के वेळ नुसतं बसणं असतं. चहा, पत्ते, गप्पा, आणि खाणं.

खाण्याची गंमत अशी की तळ्यात शेकडो मासे आणि आम्ही लेस्टरच्या दुकानातून आणलेली बर्फातली सुरमई तळत होतो. कोंबडी हलाल, तीही लेस्टरचीच. काकांच्या सुनेने आठवणीने वेगळी बांधून आणली होती. सोमवारी काका काही खाईनात, तेव्हा माझ्या बायकोने त्यांच्यासाठी डाळीचं वरण आणि बटाट्याची भाजी केली. अशी दोन घरं एका चुलीवर जेवण्याची सवय आम्हाला परळ-लालबागपासूनच आहे. तिथे फक्त चूल मोठी होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीला मासा लागला. काकांच्या नातवाने जाळं धरलं. सोळा पौंडांचा, पाठीवर मोजकेच मोठे खवले, पोट सोन्यासारखं. तो तोंड उघडझाप करत होता. मुलीने औषध लावलं, पाण्यात सोडला, आणि मग घरात येऊन मला विचारलं, "पप्पा, खायचा नव्हता तर त्याला बोलावला कशाला?"

अब्बांचा प्रश्न, पंधरा वर्षांनी, त्यांनी कधी न पाहिलेल्या नातीच्या तोंडून. मी तिला मला माहीत होतं ते सांगितलं. २००३ मध्ये स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणाऱ्या नसा असल्याचं दाखवलं. माशाला दुःख जाणवतं की नुसती चुणूक लागते यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत, पण ओठ मुके नाहीत एवढं नक्की. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच इराद्याने मासा पकडायला बंदी आहे. जर्मनीचा कायदाही प्राण्याला वेदना द्यायची तर सबळ कारण मागतो, आणि खाणं हे असं कारण धरलं जातं. म्हणजे परळच्या चाळीत बसून माझे अब्बा जे सांगत होते तेच बर्लिनचा कायदा सांगतो. पलीकडे झेक आणि पोलिश लोक नाताळच्या जेवणात हाच कार्प खातात. दक्षिण बोहेमियातली त्यांची कार्पची तळी सोळाव्या शतकातली आहेत. एकच मासा, इथे लाडका, तिथे ताटात. यात धर्माचा काही संबंध नाही.

मुलीने विचारलं, "मग आपण कुठले?" मी म्हटलं, आपल्याकडे दोन्ही आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद तिने पाहिली आहे. कोकणी मुसलमानांनी बांधलेली ती मशीद १८०२ मध्ये पुरी झाली, आणि ती एका जुन्या तलावावर उभी आहे. त्याच पाण्याचा हौज, पायऱ्या उतरून वुजू करायचा, आणि पाण्यात रंगीत मासे. सोनेरी मासा हाही कार्पच्याच घराण्यातला. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक बुजले, नावं उरली. हा तलाव मशिदीखाली राहिला. खाऱ्या माशावर जगणाऱ्या आमच्या जमातीने त्या माशांना कधी गळ लावला नाही. अब्बा मला लहानपणी ईदच्या खरेदीला तिकडे नेत तेव्हा त्या हौजाकडे बोट दाखवून सांगत, "हे मेहमान आहेत. मेहमानाला पकडत नाहीत."

शेवटच्या रात्री काका आणि मी बाहेर बसलो होतो. मे महिन्यात तिकडे रात्र फार लहान. इशा दहा वाजून गेल्यावर आणि फजर तीनच्या सुमारास. थंडी होती. मुलीचा प्रश्न मी त्यांना सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्या बापाने एकदा सोडला होता."

मला वाटलं, वय झालं, विसरले असतील. पण त्यांना सगळं आठवत होतं. मे १९९३ चा तो रविवार. गाडीत दोघं बोलले नाहीत, बसमध्ये बोलले नाहीत. काठावर दोन हात अंतर ठेवून बसले. दुपारी अब्बांच्या काठीला कटला लागला. आठ किलोंचा तरी असेल, अर्धा तास झुंजला. काकांनीच जाळं धरलं. अब्बांनी त्याच्या ओठातून गळ काढला, दोन्ही हातांनी त्याला पाण्यात धरून ठेवला, दम येईपर्यंत, आणि हात उघडले. काका म्हणाले, "अरे, हे काय? तू?" अब्बा पाण्याकडे पाहत म्हणाले, "जाऊ दे त्याला घरी."

"मग मी रडलो," काका म्हणाले. "त्या महिन्यांत मी तुमच्याकडे आलो नव्हतो. का नाही आलो ते मला त्याला सांगायचं होतं. सांगायची वेळच आली नाही. त्यानेच मला चणे दिले खायला."

मी काहीच बोललो नाही. अम्मीने वाटलेला तो मसाला, बटाट्याचं ते सालन माझ्या डोळ्यांपुढे आलं. "लागला नाही" असं अब्बा म्हणाले होते.

थोड्या वेळाने फजर झाली. नमाज पढून मी बसलो तेव्हा सूरह कहफमधली गोष्ट आठवली, जी आपण दर जुम्म्याला वाचतो. हजरत मूसा आणि त्यांचा तरुण सोबती दोन दर्या मिळतात त्या जागेच्या शोधात निघाले. शिदोरीत मासा होता. वाटेत तो मासा निसटून पाण्यात गेला, आणि सोबती ते सांगायला विसरला. पुढे भूक लागल्यावर मूसांनी न्याहारी मागितली तेव्हा उलगडा झाला. न्याहारी गेली म्हणून ते हळहळले नाहीत. हीच तर आपण शोधत होतो ती जागा, असं म्हणून ते आल्या पावली मागे फिरले, आणि तिथेच त्यांना ज्याला भेटायचं होतं तो भेटला. मासा जिथे हातचा गेला, तीच भेटीची खूण होती. लहानपणापासून वाचत आलो, पण त्या पहाटे ही गोष्ट मला पवईच्या काठावर घडलेली दिसली.

मुंबईला परतून आता काळ लोटला. मुलगी काकांशी फोनवर वाद घालते. तिचं मत आजोबांच्या बाजूचं. काका अजून आपल्या बाजूला ठाम. मीही विचाराने अब्बांच्याच पक्षात आहे. ज्याला खायचं नाही त्याच्या वाटेत गळ टाकू नये, असं मला वाटतं, आणि पुन्हा त्या तळ्यावर गेलो तर मी चहा करीन, पत्ते खेळेन, काठी दुसऱ्यांची. पण जो माणूस भुकेच्या दिवसांत एकही मासा सोडत नव्हता, त्याने दहशतीच्या दिवसांनंतर आठ किलोंचा कटला सोडून दिला, याला कुठला पक्ष म्हणायचं ते मला ठरवता आलेलं नाही. अम्मीला हे सांगायला हवं होतं. ती आता नाही. तिला ते ऐकून राग आला असता, नारळ वाया गेल्याचा.

"लागला नाही" हे अब्बांचं वाक्य मी तीस वर्षं खरं मानलं, मग एका रात्री ते खोटं ठरलं. आता पुन्हा खरं वाटतं. त्या दिवशी ते मासा आणायला गेलेच नव्हते.